कोड लिहिल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही

पडद्याच्या डाव्या बाजूला एक दगडी तळघर दिसते. त्यात एक योद्धा उभा आहे, थोड्या अंतरावर एक रत्न चमकते आहे आणि वाटेत टोकदार सुळे आहेत. हा खेळ पहिल्यांदा उघडणारे मूल सवयीने कीबोर्डवरची बाणांची बटणे दाबून पाहते. योद्धा ढिम्म हलत नाही. पडद्याच्या उजव्या बाजूला वहीच्या पानासारखी जागा असते आणि तिच्या ओळींना क्रमांक घातलेले असतात. तिथे लिहावे लागते : ‘हीरो.मूव्हराइट()’, दुसऱ्या ओळीवर ‘हीरो.मूव्हडाउन()’, तिसऱ्या ओळीवर पुन्हा ‘हीरो.मूव्हराइट()’. (पडद्यावर हे शब्द रोमन लिपीत असतात, या लेखात ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.) मग ‘रन’चे बटण दाबायचे. योद्धा उजवीकडे जातो, खाली उतरतो, पुन्हा उजवीकडे वळतो आणि सुळे चुकवून रत्न उचलतो.

या खेळाचे नाव कोडकॉम्बॅट. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या कंपनीने तो बनवला आणि २०१४ मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. पायथन आणि जावास्क्रिप्ट या जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषा शाळकरी मुलांनी पहिल्या धड्यापासून टाईप करत शिकाव्यात, ही त्यामागची कल्पना.

वर दिलेल्या तीन ओळींत बरेच काही दडलेले आहे. ‘हीरो’ हे ज्याला काम सांगायचे त्याचे नाव. मधले टिंब म्हणजे ‘याच्याकडची ही क्षमता’. ‘मूव्हराइट’ ही क्षमता आणि शेवटचा रिकामा कंस म्हणजे ‘आता हे कर’. शिवाय आज्ञा वरून खाली, एकामागून एक पाळल्या जातात. पाठ्यपुस्तकात ऑब्जेक्ट, मेथड, फंक्शन कॉल आणि सीक्वेन्स अशा नावांनी हे सगळे चार वेगवेगळ्या पानांवर येते. इथे मुलाने त्यातला एकही शब्द ऐकलेला नसतो, तरी चारही गोष्टी त्याने वापरलेल्या असतात. नाव नंतर कळते, उपयोग आधी कळतो.

टाईप करून लिहायच्या कोडची, म्हणजे टेक्स्ट कोडिंगची, पहिली ओळख करून द्यायला चांगला व्हिडिओ गेम हे फार मोलाचे साधन आहे, असे मला ठामपणे वाटते. त्याला दोन अटी मात्र आहेत. खेळ आणि कोड एकजीव असले पाहिजेत, आणि मुलाच्या शेजारी प्रश्न विचारणारे कुणीतरी बसले पाहिजे.

गुळात घोळलेली गोळी

‘खेळातून शिक्षण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू म्हणजे गुळात घोळलेली कडू गोळी असते. पाच प्रश्नांची उत्तरे द्या, मग गाडी थोडा वेळ पळवायला मिळेल. मुले हुशार असतात. ती गूळ चाटतात आणि गोळी बाजूला ठेवतात. प्रश्नांची उत्तरे कशीबशी टिचकवून पुन्हा गाडीकडे वळतात.

खेळात मुरलेले शिक्षण आणि वरून गूळ लावलेले शिक्षण यांत नेमका काय फरक आहे, याचा शोध बऱ्याच वर्षांपासून घेतला जातो आहे. १९८०च्या सुमारास थॉमस मलोन या अमेरिकी संशोधकाने संगणकावरचे खेळ मुलांना इतके का खिळवतात, याचा अभ्यास केला. आव्हान, कल्पनारम्यता आणि कुतूहल या तीन गोष्टी त्याने पुढे मांडल्या. त्यातही कल्पनारम्यता दोन प्रकारची असते, असे त्याने सांगितले. पहिल्या प्रकारात शिकण्याचे कौशल्य आणि खेळातली गोष्ट एकमेकांत गुंतलेली असतात. दुसऱ्या प्रकारात गोष्ट वरून चिकटवलेली असते आणि ती बदलली तरी काही बिघडत नाही.

इंग्लंडमध्ये जेकब हॅबगुड आणि शारॉन एन्सवर्थ यांनी याच मुद्द्याची कसोटी घेतली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा ‘झोंबी डिव्हिजन’ हा खेळ भागाकार शिकवणारा होता. अंगावर चाल करून येणाऱ्या सांगाड्यांच्या छातीवर संख्या लिहिलेल्या. सांगाड्यावर १२ असेल तर १२ला निःशेष भागणाऱ्या संख्येचे हत्यार उचलायचे, तरच तो कोसळतो. दुसऱ्या गटातल्या मुलांना तोच खेळ दिला, पण सांगाडे संख्येविना आणि भागाकाराचे प्रश्न दोन पातळ्यांच्या मध्ये. भागाकार खेळातच मिसळलेल्या गटातली मुले जास्त शिकली. पुढे मुलांना मनाजोगता खेळ निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा एकजीव खेळावर त्यांनी दुसऱ्यापेक्षा सातपट वेळ घालवला.

कोडिंगच्या खेळांना हीच कसोटी लावावी. कोड काढून टाकला तर खेळ उरतो का? उरत असेल, तर कोड वरून चिकटवलेला आहे. कोडकॉम्बॅटमध्ये कोड काढला तर योद्धा तळघरात उभाच राहील. तिथे योद्ध्याची साधनेसुद्धा कोडशी जोडलेली आहेत. साधे बूट चढवले की चार दिशांना चालण्याच्या आज्ञा मिळतात. चष्मा चढवला की जवळचा शत्रू शोधण्याची आज्ञा मिळते. लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवण्याची आज्ञा, वापरायची तर त्यासाठीची पोथी मिळवावी लागते. ‘नवी वस्तू मिळाली’ आणि ‘नवी आज्ञा शिकलो’ या दोन घटना तिथे एकच होतात.

कासवापासून रणगाड्यापर्यंत

कोडनेच खेळ चालवण्याच्या या कल्पनेचा वंश बराच जुना आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉलेस फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिच्या आज्ञा पाळणारे एक यांत्रिक कासव जमिनीवर फिरू लागले, मग ते पडद्यावर आले. ‘फॉरवर्ड १००’, ‘राइट ९०’ हे चार वेळा केले की चौरस उमटतो. मूल अडले की पेपर्ट त्याला उठून स्वतः कासव व्हायला सांगत : चौरसावर चालून बघ, कुठे वळतोस ते लक्षात ठेव, मग तेच कासवाला सांग. अमूर्त वाटणारा कोड अशा रीतीने शरीराच्या अनुभवाला बांधला गेला.

१९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड पॅटिस यांनी कारेल नावाचा यंत्रमानव आणला. ‘रोबो’ हा शब्द जगाला देणारे चेक नाटककार कारेल चापेक यांच्यावरून हे नाव ठेवले होते. चौकटीच्या जगात राहणाऱ्या कारेलला फक्त पाच मूळ आज्ञा कळत : एक घर पुढे जा, डावीकडे वळ, खूण उचल, खूण ठेव, बंद हो. उजवीकडे वळण्याची आज्ञा मुद्दामच दिलेली नाही. विद्यार्थी थोडा वेळ वैतागतो आणि मग त्याच्या लक्षात येते की तीनदा डावीकडे वळले की उजवीकडेच तोंड होते. प्रत्येक वेळी तीन ओळी लिहिण्यापेक्षा या तीन ओळींना ‘उजवीकडे वळ’ असे नाव देऊन ठेवावे, हे त्याला आपसूक सुचते. फंक्शन म्हणजे काय, हे समजावण्याची याहून सुंदर रीत मला माहीत नाही, कारण इथे गरज आधी निर्माण होते आणि व्याख्या तिच्या मागून चालत येते. स्टॅनफर्डने २०२०मध्ये जगभरातल्या नवशिक्यांसाठी पायथनचा मोफत ऑनलाइन वर्ग सुरू केला, तेव्हा त्याचीही सुरुवात कारेलपासूनच केली.

१९८१ मध्येच सायलस वॉर्नर यांचा ‘रोबॉटवॉर’ हा खेळ ॲपल टू संगणकावर आला. खेळाडूने आपल्या यंत्रमानवासाठी प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याला रिंगणात सोडायचे. लढाई सुरू झाली की हात बांधलेले. यंत्रमानव जिंकेल किंवा हरेल ते आधी लिहिलेल्या कोडच्या बळावर. पुढे २००१ मध्ये आयबीएममध्ये काम करणाऱ्या मॅथ्यू नेल्सन यांनी ‘रोबोकोड’ आणला. तिथे जावा भाषेत लिहिलेले रणगाडे एकमेकांशी लढतात. कोडकॉम्बॅट हे याच घराण्यातले अलीकडचे नाव. या सगळ्यांत एक समान सूत्र आहे : विचार आधी, कृती नंतर. नेहमीच्या व्हिडिओ गेममध्ये बोटांची चपळाई कामाला येते, इथे पुढचे पाहण्याची सवय कामाला येते.

चूक डोळ्यांसमोर घडते तेव्हा

कोड शिकणे म्हणजे मोठ्या प्रमाणात चुका ओळखायला शिकणे. नवशिक्याचा धीर खचतो तोही इथेच. एक कंस राहिला, एक अक्षर मोठ्याऐवजी छोटे पडले, एक ओळ आत सरकवायची राहिली की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो आणि मुलाला वाटते, हे आपल्याला जमणारे नाही.

खेळात चुकीला रूप मिळते. सुरुवातीच्या एका पातळीत समोर दोन राक्षस असतात, ब्रॅक आणि ट्रेग. प्रत्येकाला दोन वार लागतात. मुलाने लिहायचे असते ‘हीरो.अटॅक("ब्रॅक")’, तेही दोनदा. एकदाच लिहिले तर ब्रॅक जिवंत राहतो आणि उलटून मारतो. अवतरणचिन्हे विसरली तर वेगळाच घोळ होतो. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला ‘ब्रॅक’ हा पायथनच्या दृष्टीने कुठल्या तरी साठवलेल्या गोष्टीचे नाव असतो. ते नाव आपण कधीच ठरवलेले नसल्यामुळे ‘असे नाव मला माहीत नाही’ अशी तक्रार येते. अक्षरांचा नुसता मजकूर आणि एखाद्या गोष्टीला दिलेले नाव यांतला भेद प्रोग्रॅमिंगच्या मुळाशी आहे. तो इथे दोन चिन्हांच्या चुकीतून समोर येतो.

त्याहून फसवी चूक म्हणजे कंस विसरणे. पायथनमध्ये एखाद्या ओळीवर ‘हीरो.मूव्हराइट’ एवढेच लिहून कंस सोडून दिला, तर भाषेच्या नियमांनुसार ती चूकच नाही. ती ओळ त्या क्षमतेकडे नुसते बोट दाखवते, ती वापरत नाही. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक गुपचूप निसटून जाते आणि नवशिका तासभर डोके खाजवतो. खेळात योद्धा एक पाऊल कमी टाकतो. मूल ओळी आणि पावले मोजते, आणि कुठल्या ओळीने काम केले नाही ते शोधून काढते.

पुढे येते लूप. चक्रव्यूहासारख्या एका पातळीत तीच पावले पुन्हा पुन्हा टाकायची असतात. वीस ओळी लिहिण्याचा कंटाळा हीच लूप शिकण्याची खरी प्रेरणा. ‘व्हाइल ट्रू’ लिहून त्याखालच्या ओळी चार जागा आत सरकवल्या की त्या सतत चालू राहतात. पायथनमध्ये ही आतली जागा म्हणजे सजावट नव्हे. कोणत्या ओळी पुन्हा पुन्हा चालवायच्या, हे तिच्यावरूनच ठरते. एक ओळ आत सरकवायची राहिली तर ती लूपच्या बाहेर पडते आणि कधीच न संपणाऱ्या लूपनंतर तिची पाळी येतच नाही. योद्धा अर्धाच रस्ता घिरट्या घालत राहतो. ‘ही रिकामी जागा इतकी महत्त्वाची कशी?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाला पडद्यावर दिसते.

आणि मग येते अट. राक्षसांची नावे आधी माहीत नसतात, तेव्हा ‘जवळचा शत्रू शोध’ ही आज्ञा वापरून जो सापडेल त्याला एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवायचे आणि त्याच्यावर वार करायचा. पण शत्रू जवळपास नसेलच तर? व्हेरिएबलमध्ये ‘काहीच नाही’ असे मूल्य राहते आणि ‘काहीच नाही’वर वार करता येत नाही. खेळ अडतो, आणि लक्ष्य नेहमीच असते का, अट वापरून पाहावी का, अशा अर्थाची सूचना देतो. आता ‘इफ एनिमी’ ही ओळ मुलाला स्वतःहून हवी असते. मोठमोठ्या कंपन्यांतले प्रोग्रॅमर रोज ज्या चुकीशी झगडतात, तीच ही चूक : जे असेल असे गृहीत धरले, ते तिथे नव्हते.

कोडकॉम्बॅटची आणखी एक सोय शिक्षकांनी आवर्जून वापरावी अशी आहे. प्रोग्रॅम चालल्यावर खालची पट्टी मागेपुढे सरकवून घडलेला प्रसंग पुन्हा पाहता येतो आणि त्या क्षणी कोडची कोणती ओळ चालू होती तेही दिसते. योद्धा पडला त्याच्या थोडे आधी जाऊन ‘इथपर्यंत ठीक होते, मग नेमके काय बिघडले?’ हे पाहता येते. अनुभवी प्रोग्रॅमर डीबगर नावाच्या साधनाने हेच करतात.

ठोकळे की अक्षरे?

शाळांमध्ये बहुतेक वेळा सुरुवात स्क्रॅचने होते. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये ते लोकांसमोर आणले आणि त्याने जगभरातल्या कोट्यवधी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावली. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. न जुळणारे ठोकळे अडकतच नाहीत, त्यामुळे कंस आणि स्वल्पविरामाच्या चुका संभवत नाहीत. लहान मुलांसाठी हे फारच चांगले आहे.

मग अक्षरांकडे वळायचेच कशाला? डेव्हिड वाइनट्रॉप आणि युरी विलेन्स्की यांनी अमेरिकेतल्या एका हायस्कूलमध्ये दोन वर्ग घेतले, एकाला ठोकळे आणि दुसऱ्याला अक्षरे. पाच आठवड्यांनंतर ठोकळ्यांचा वर्ग संकल्पनांमध्ये पुढे होता. मग दोन्ही वर्ग जावा भाषेकडे वळले आणि दहा आठवड्यांनी त्यांच्यातला फरक पुसला गेला होता. याचा माझ्या मते साधा अर्थ असा की, ठोकळ्यांनी सुरुवात करण्यात तोटा नाही, आणि अक्षरांनी सुरुवात केलेली मुलेही मागे राहत नाहीत. मुद्दा आहे तो पुढे जाण्याचा. प्रोग्रॅम मोठा झाला की ठोकळ्यांचा पसारा पडद्यावर मावत नाही. अक्षरांचा कोड शोधता येतो, एका जागेवरून दुसरीकडे नेता येतो, दुसऱ्याला पाठवता येतो, ओळीने वाचता येतो. विज्ञानापासून बँकेपर्यंतचे बहुतेक खरे काम अक्षरांतच चालते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र घेणाऱ्या मुलांनाही पायथनच लिहावे लागते. दहा-बारा वर्षांचे मूल कीबोर्डवर रुळले की त्याच्यासमोर अक्षरे ठेवायला हरकत नसते आणि या वळणावर खेळ सर्वांत उपयोगी पडतो. अक्षरांच्या काटेकोरपणाचा त्रास सहन करण्याइतके काहीतरी हाती लागेल, अशी आशा तो दाखवतो.

‘रन’ दाबण्याआधी

आता दुसरी अट : शेजारी प्रश्न विचारणारे कुणीतरी हवे. एकट्या सोडलेल्या मुलाला असे खेळ फसवूही शकतात. कोड लिहिण्याच्या जागेत दोन अक्षरे टाईप करताच पूर्ण आज्ञा सुचवली जाते. अडले तर सूचना मिळतात. आकडा ३ नसेल तर ४, नाही तर ५ करून बघ, असे करत कधी ना कधी पातळी पार होते. पुढची पातळी उघडते आणि मागच्या पातळीत काय घडले ते मुलाला सांगता येत नाही. पातळ्या पार होणे आणि शिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालकांनी पक्के लक्षात ठेवावे.

यावर सोपा उपाय आहे आणि तो अभ्यासातून पुढे आलेला आहे. इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमिंग शिकवण्याची पाच टप्प्यांची पद्धत मांडली : आधी अंदाज करा, मग चालवा, मग तपासा, मग बदला आणि शेवटी स्वतःचे बनवा. ११ ते १४ वर्षांच्या मुलांच्या वर्गांत ती वापरून पाहिली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांपेक्षा ही मुले चाचणीत सरस ठरली. या पद्धतीचा गाभा म्हणजे लिहिण्याआधी वाचणे. भाषा शिकताना आपण आधी ऐकतो आणि वाचतो, मग लिहितो; कोडच्या बाबतीत मात्र मुलाला पहिल्या दिवशीच कोऱ्या पानासमोर बसवतो.

खेळात हे सहज करता येते. ‘रन’ दाबण्याआधी मुलाचा हात थांबवा आणि विचारा, ‘योद्धा कुठे जाऊन थांबेल? बोट ठेवून दाखव.’ मुलाने अंदाज केला की मग बटण दाबू द्या. अंदाज चुकला तर ‘कुठल्या ओळीपाशी तुझे आणि संगणकाचे पटले नाही?’ असे विचारा. पातळी पार झाल्यावर ‘हेच कमी ओळींत होईल का?’ आणि ‘रत्न दोन घरे पलीकडे असते तर काय बदलले असतेस?’ हे दोन प्रश्न विचारा. त्यासाठी तुम्हाला कोडिंग येण्याची गरज नाही. मुलाला समजावून सांगावे लागते आणि समजावताना त्याला स्वतःलाच कळत जाते.

एका संगणकावर दोन मुले बसवणे ही आपल्याकडच्या बऱ्याच शाळांची अडचण असते. ती संधीही होऊ शकते. एकाने फक्त टाईप करायचे, दुसऱ्याने फक्त सांगायचे, आणि प्रत्येक पातळीनंतर जागा बदलायच्या. सॉफ्टवेअर कंपन्यांतही ही पद्धत वापरतात, तिला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. सांगणाऱ्याला विचार शब्दांत मांडावा लागतो. हा संवाद मराठीत झाला तर उत्तमच. पायथनमधल्या सुरुवातीच्या आज्ञा दोन डझनांच्या आत आहेत आणि त्या इंग्रजी शब्दांची भीती थोड्याच दिवसांत जाते. विचार मात्र ज्या भाषेत मूल घरी भांडते आणि हट्ट करते, त्या भाषेत केला तर पक्का होतो.

खेळाचे दार ओलांडताना

खेळाला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. कोडकॉम्बॅटचा सुरुवातीचा भाग मोफत आहे, पुढच्या बऱ्याचशा भागाला पैसे पडतात. त्यासाठी इंटरनेट लागते. तलवारी आणि राक्षस सगळ्यांना आवडतील असेही नाही. ज्यांना आवडत नाहीत त्यांच्यासाठी माइनक्राफ्ट हा वस्तू उभारण्याचा खेळ आहे. २०१३ मध्ये रास्पबेरी पाय या स्वस्त छोट्या संगणकासाठी त्याची मोफत आवृत्ती आली आणि तिच्यात पायथनने वस्तू उभारण्याची सोय दिली. एका लूपमध्ये एक वीट ठेवण्याची आज्ञा लिहायची. लूप ५ वेळा चालली तर बुटका खांब, आकडा बदलून ५० केला तर मनोरा. प्रत्येक विटेची जागा तीन आकड्यांनी सांगावी लागते, त्यामुळे भूमितीतले अक्षही हाताळले जातात.

सगळ्यांत मोठी मर्यादा अशी की, मुलाला ‘हीरो’ शिवाय कोड असतो हेच ठाऊक नसते. खेळात शिकलेले बाहेर वापरता येईलच असे नाही. तो पूल कुणीतरी बांधून द्यावा लागतो. लूप, व्हेरिएबल आणि अट या तीन गोष्टी हाताशी आल्या की मुलाला साधे पायथन उघडून द्यावे आणि स्वतःचा एक खेळ लिहायला सांगावे : संगणकाने १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायची, आपण ती ओळखायची, संगणकाने ‘मोठी’ किंवा ‘लहान’ एवढेच सांगायचे. उत्तर सापडेपर्यंत विचारत राहणे म्हणजे तळघरातली तीच लूप. मनातली संख्या म्हणजे तेच व्हेरिएबल. ‘मोठी की लहान’ ही तीच अट. खेळ तयार झाला की आणखी एक प्रश्न विचारा : जास्तीत जास्त किती अंदाजांत संख्या हमखास सापडेल? प्रत्येक वेळी उरलेल्यांच्या मधली संख्या विचारली, तर सातच्या पुढे जावे लागत नाही. मूल हे कागदावर पडताळून पाहू लागले की संगणकशास्त्रातला एक पायाभूत शोध त्याच्या हाती आलेला असतो.

पायथन मोफत आहे, जुन्या संगणकावरही चालते आणि एकदा घेतले की इंटरनेट लागत नाही. लोगोच्या कासवाचा वारसा सांगणारे ‘टर्टल’ त्यात आधीपासूनच आहे. शिवाय पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ च्या अखेरीपासून, व्हेरिएबलची नावे देवनागरीतही देता येतात. मूळ आज्ञा रोमन लिपीतच राहतात, पण ‘अंदाज’, ‘उत्तर’, ‘गुण’ ही नावे मुलाने स्वतःच्या लिपीत लिहिली तरी प्रोग्रॅम निमूट चालतो. मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी हे वर्गात एकदा तरी करून दाखवावे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून पुढच्या मधल्या टप्प्यात कोडिंगचा समावेश सुचवला आहे. भीती एवढीच वाटते की हा विषयसुद्धा व्याख्या पाठ करण्याचा होईल, ‘लूप म्हणजे काय, दोन उदाहरणे द्या’ अशा प्रश्नांचा. लूप पाठ करून येत नाही, ती हवीशी वाटावी लागते.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. शाळेत संगणकाचा तास असेल तर त्यातला थोडा वेळ अशा खेळाला द्या. घरी संगणक असेल तर एखाद्या रविवारी मुलाशेजारी बसा आणि त्याच्याकडून पहिल्या चार-पाच पातळ्या शिकून घ्या. तुम्ही चुकाल तेव्हा त्याला तुमची चूक शोधू द्या. आणि दर वेळी ‘रन’ दाबण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘आता काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर विचार करून देणारे मूल प्रोग्रॅमिंग शिकू लागलेले असते.